'अनवाणी' या शब्दात वहाण कुठे लपलीय? (शब्दांची फोड करताना)

पिंपळपान

शाळेत शब्दसिद्धी शिकताना सिद्ध, साधित, उपसर्गघटित, प्रत्ययघटित, अभ्यस्त, सामासिक असे कप्पे पाठ केले. 'बे-' लावा, बेजबाबदार झाला. '-दार' लावा, धारदार झाला. मार्क मिळाले, विषय संपला. पण शब्द नेमका कुठे तोडायचा आणि तिथेच का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मला तर सगळी गंमत त्यातच वाटते, म्हणून हा धागा.

एक शब्द घेऊ: घरासमोरच्यांनासुद्धा. आपण तो सहज बोलून जातो. आता सोलून बघा.

घर. त्याला लागला 'आ', तेव्हा झालं 'घरा'. हे सामान्यरूप. या 'आ'ला स्वतःचा असा अर्थ नाही. 'थांबा, पुढे काहीतरी जोडायचंय' एवढंच तो सांगतो. मग 'समोर'. मग 'चा', म्हणजे 'घरासमोरचा'. इथे शब्दाचं रूपच पालटतं, कारण आता तो विशेषण झाला: घरासमोरचा, घरासमोरची, घरासमोरचे. या विशेषणाचं आपण पुन्हा नाम करतो (घरासमोर राहणारे लोक) आणि त्याचं पुन्हा सामान्यरूप करतो: घरासमोरच्यां. अनुस्वार म्हणजे अनेकवचन. मग 'ना', जो स्वतःही अनेकवचनातच येतो (एकवचनात 'ला' आला असता). शेवटी 'सुद्धा'.

एका शब्दात सामान्यरूप दोनदा आणि अनेकवचन दोनदा! आणि तुकड्यांचा क्रम जरासुद्धा हलवता येत नाही. 'घरनासमोरच्यां' म्हणून बघा.

यातल्या ज्या तुकड्याचे आणखी तुकडे केले तर अर्थ उरत नाही, त्याला भाषाशास्त्रात रूपिका म्हणतात (रूपिम, पदिम हेही शब्द वाचनात येतात). रूपिका म्हणजे अक्षर नव्हे. 'कमळ'मध्ये 'मळ' ऐकू येतो, पण त्याचा मळाशी काडीचा संबंध नाही. 'कमळ' ही अख्खी एकच रूपिका.

उलट, एकाच रूपिकेला अनेक चेहरे असतात. पाणी सुटं असेल तर 'पाणी', प्रत्यय लागला की 'पाण्या' (पाण्यात, पाण्याचा) आणि समासात 'पाण' (पाणबुडी, पाणवठा, पाणलोट). डोळे पाणावतात तेही याच 'पाण'मुळे. घोडा, घोड्या, घोड (घोडदौड) हेही तसंच. 'घोडचूक'मध्ये तर घोडा पळूनच गेलाय. तिथे 'घोड' म्हणजे नुसतं 'भलीमोठी'.

आता माझे प्रश्न:

'अनवाणी'त अन + वहाण + ई आहे. वहाण नसलेला तो अनवाणी. पण आज बोलताना कुणाला ती वहाण ऐकू येते? येत नसेल, तर हा शब्द तीन तुकड्यांचा मानायचा की एका?

'शेजारीपाजारी'तला 'पाजारी' कोण? तो एकटा कधीच कुठे भेटत नाही.

---

उंबरठा

+१. रोचक धागा. 'बारीकसारीक'मधला सारीक आणि 'उरलंसुरलं'मधला सुरलं हेही पाजाऱ्याचेच भाऊबंद.

माझा एक प्रश्न यादीत घ्या. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, जळणे–जाळणे, गळणे–गाळणे. 'पाडणे'त 'दुसऱ्याकडून घडवणे' हा जास्तीचा अर्थ आहे, म्हणजे जास्तीची रूपिका असायला हवी. पण ती दाखवायची कुठे? प्रत्यय तर कुठेच लागलेला नाही.

---

जुनी वही

फार छान विषय काढलात. हा वाद आपल्याकडे किती जुना आहे ते आधी सांगते, कारण तुमचा 'अनवाणी'चा प्रश्न थेट त्यातच जातो.

यास्काच्या निरुक्तात (वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा प्राचीन ग्रंथ) शाकटायन आणि गार्ग्य या दोन जुन्या आचार्यांची मतं समोरासमोर ठेवली आहेत. शाकटायनाचं म्हणणं असं की सगळी नामं धातूंपासूनच झाली, म्हणजे प्रत्येक नाम फोडता येतं. गार्ग्य म्हणतो, सगळी नाहीत. त्याचा आक्षेप बघा किती नेमका आहे: 'अश्व' हा शब्द जर 'वाट व्यापणारा' अशा अर्थाने धातूपासून झाला असेल, तर जो कुणी वाट तुडवेल त्या प्रत्येकाला अश्व म्हणावं लागेल. जे जे टोचेल त्याला त्याला तृण म्हणावं लागेल. तसं आपण म्हणत नाही.

उपसर्गांवरही या दोघांचं पटत नाही. शाकटायनाच्या मते उपसर्गाला सुटा अर्थच नसतो, तो नामा-क्रियापदातला अर्थ फक्त उजळवतो. गार्ग्याच्या मते त्याला स्वतःचे अर्थ असतात, आणि तेही नाना प्रकारचे. आहार, विहार, प्रहार, संहार हे सगळे एकाच 'हृ' धातूचे. इथे 'वि'चा अर्थ अमुक आणि 'सम्'चा तमुक, असं छातीठोक सांगून बघा म्हणजे शाकटायन तसं का म्हणतो ते कळेल.

आणि पाणिनी. त्याची सुमारे ४००० सूत्रं म्हणजे तुकडे जोडण्याचे नियमच. मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते काहीच नसण्याला दिलेलं स्थान. 'अदर्शनं लोपः' (१.१.६०): जे असायला हवं पण दिसत नाही, तो लोप. लगेच पुढे १.१.६२ मध्ये तो सांगतो की प्रत्यय लोपला तरी त्याचं काम चालूच राहतं.

मराठीत ताडून बघा. एक दगड, दोन दगड. अनेकवचनाचा प्रत्यय दिसत नाही. मग तो नाहीच का? 'मोठा दगड पडला', 'मोठे दगड पडले'. विशेषणाला कळलं, क्रियापदाला कळलं. प्रत्यय न दिसता त्याचं काम झालं!

---

टिपकागद

@उंबरठा, पडणे–पाडणेमध्ये रूपिका शेवटी चिकटलेली नाही, ती स्वरात शिरली आहे. अ चा आ झाला, तोच प्रयोजकाचा (दुसऱ्याकडून घडवण्याचा) अर्थ. मूळ संस्कृतात 'पतति' आणि 'पातयति' अशी जोडी होती. पुढे 'अय' झिजून गेला आणि त्याच्यामुळे आधीच लांबलेला स्वर तेवढा मागे राहिला.

तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे या जोड्या तर आणखी मजेच्या. तिथे स्वर बदलतोच, शिवाय ट चा ड होतो. कारण 'त्रुट्यति'चं प्राकृतात 'तुट्टइ' झालं. जोड ट्ट टिकला आणि मराठीत त्याचा एक ट उरला. उलट 'त्रोटयति'मध्ये ट दोन स्वरांच्या मध्ये एकटा सापडला, आणि तसा ट प्राकृतात ड होतो (घट – घडा, कटु – कडू). दोन हजार वर्षांपूर्वीची उच्चारांची झीज आज आपल्यासाठी व्याकरण झाली आहे.

अरबीत तर हीच मुख्य रीत. तीन व्यंजनांचा सांगाडा आणि त्यात स्वर ओतायचे. त्या भाषेतून, बहुतेक फारसीच्या वाटेने, आलेले शब्द आपण वेगवेगळे समजून वापरतो, पण सांगाडा बघा: नजर, नाझर, मंजूर. न-झ-र. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं, मान्य झालेलं. किंवा महसूल, तहसील आणि 'त्यात काय हशील?'मधला हशील. ह-स-ल, मिळणे, हाती लागणे. सरकारी कागदावरचा महसूल आणि वैतागून विचारलेला हशील सख्खे भाऊ आहेत.

पण (आणि इथे माझं जुनी वही यांच्याशी थोडं वेगळं मत आहे) ही नाती मराठी माणसाच्या डोक्यात नाहीत. मराठी बोलणाऱ्याला 'मंजूर' एकसंध आहे. म्हणून मी तरी 'अनवाणी'ला आज एकच रूपिका म्हणेन. व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा इतिहास. रूपिका ठरते आज बोलणाऱ्याच्या कानावर.

---

जुनी वही

@टिपकागद, कान आणि इतिहास इतके वेगळे काढता येतील असं मला वाटत नाही. कानाने चुकीची फोड केली की तिथूनच नवा इतिहास सुरू होतो. तीन उदाहरणं देते.

'असुर' मुळात नकारार्थी शब्द नाही. ऋग्वेदात वरुणाला, अग्नीला, इंद्रालाही आदराने असुर म्हटलंय. इराणी शाखेत त्याचाच जोडीदार 'अहुर' (पारशी धर्मातला देव अहुर मज्दा). पुढे शब्दाचा अर्थ फिरला आणि लोकांना त्यात 'अ + सुर' ऐकू यायला लागलं. मग 'सुर' म्हणजे देव हा शब्द तयार झाला. आधी असुर, मागाहून सुर.

'असित' म्हणजे काळा. हा जुना. त्यातला 'अ' नकाराचा समजून 'सित' म्हणजे पांढरा, हा मागाहून.

'विधवा'. लॅटिनमधला 'विदुआ' याच घराण्यातला, म्हणजे शब्द फार जुना आणि त्यात 'वि' हा उपसर्ग नाही. पण 'वि + धव' अशी फोड झाली. निरुक्तातही 'धव म्हणजे माणूस, त्याच्या वियोगाने विधवा' हा एक पर्याय नोंदवलेला आहे. त्या धवावरून 'सधवा' झाली.

आता सांगा, 'सुर' ही रूपिका खरी की खोटी? जन्म चुकीच्या फोडीतून झाला, पण आज तिला खोटी कोण म्हणेल?

---

टिपकागद

हे तर माझ्याच बाजूचं झालं! फोड बोलणाऱ्याने केली, म्हणून तुकडा अस्तित्वात आला. इतिहासात तो नव्हता.

---

जुनी वही

आणि ती फोड करायला त्याला 'अ-' हा उपसर्ग आधी हजार शब्दांतून ठाऊक होता, म्हणून जमलं. तो 'अ-' इतिहासानेच दिला ना? इथे आपण दोघं एका दोरीची दोन टोकं धरून बसलोय.

---

सांजवात

लहान मुलांना शिकवते, म्हणून तिकडचं सांगते. तुकडे डोक्यात असतात की नाही, हे मुलांच्या 'चुकां'त लख्ख दिसतं. मराठी मुलं एका वयात हमखास 'मी करलं' म्हणतात. घरात 'करलं' कुणीच म्हणत नाही, सगळे 'केलं' म्हणतात. म्हणजे पोराने ते ऐकून उचललेलं नाही. त्याने 'बसलं, पळलं, उघडलं'मधून 'लं' वेगळा काढला आणि 'कर'ला लावला. मला हे ऐकलं की त्या पोराचं कौतुक वाटतं, दुरुस्त करायची घाई होत नाही.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधक बाईंनी याचीच परीक्षा घेतली होती. मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवायचं, 'हा वग' म्हणून सांगायचं आणि मग दोन असतील तर काय म्हणशील, ते विचारायचं. मुलांनी न ऐकलेल्या शब्दाला अनेकवचनाचा बरोबर प्रत्यय लावून दाखवला.

आपणही करू या? दोन बनावट शब्द, दोन्ही पुल्लिंगी:

एक गिबडा, दोन ____ , मी ____ला हाक मारली.
एक डपूस, दोन ____ , मी ____ला हाक मारली.

विचार न करता लिहा.

---

उंबरठा

गिबडे, गिबड्याला. दोन डपूस, डपूसला.

---

जुनी वही

गिबडे, गिबड्याला. डपूस, डपसाला.

---

पिंपळपान

गिबडे, गिबड्याला. दुसऱ्याला हात थबकला. आधी 'डपसाला' आलं, मग 'डपूसला'ही चालेल असं वाटलं.

---

टिपकागद

अगदी हवा तसा निकाल. 'गिबडा'वर सगळ्यांचं एकमत आणि 'डपूस'वर फाटाफूट.

ज्याने डपूसला माणूस, कापूस यांच्या पंगतीत बसवलं, त्याने माणसाला, कापसाला यांप्रमाणे 'डपसाला' केलं. ज्याने तो बाहेरून आलेला मानला, त्याने 'व्हायरसला', 'बोनसला' यांच्या रांगेत उभा केला.

आज मराठीत हेच चाललंय. आकारान्त पुल्लिंगी शब्दाचं सामान्यरूप पूर्ण जिवंत आहे: कॅमेरा आला आणि मुकाट्याने कॅमेरे, कॅमेऱ्यात झाला, सोफ्यावर बसतो. व्यंजनान्त शब्दांत मात्र 'आ' गळतोय. टेबलावर म्हणतो, पण मोबाईलवर. ऑफिसात आणि ऑफिसमध्ये दोन्ही चालतं. यात प्रत्ययाचाही हात आहे: '-त'ला सामान्यरूप लागतंच ('ऑफिसत' कुणी म्हणत नाही), '-मध्ये'ला नसलं तरी भागतं. म्हणून नव्या शब्दाशी '-मध्ये'ची गट्टी लवकर जमते.

विशेषनामांत तर ही फट आणखी बारीक आहे. देवाला म्हणताना 'रामाला', मित्राला म्हणताना 'रामला'. तोच शब्द, तोच प्रत्यय. मधला 'आ' असतो किंवा नसतो, आणि तेवढ्यावरून कुठला राम ते कळतं.

---

उंबरठा

रामाला/रामला! आयुष्यभर बोलतोय, आज पहिल्यांदा दिसलं.

पण मग पिंपळपान म्हणाले तसं सामान्यरूपाच्या 'आ'ला 'स्वतःचा अर्थ नाही' हे इथे टिकत नाही. निदान नावांत तरी तो काहीतरी सांगतोय.

---

पिंपळपान

खरंय, नावांत त्याला अर्थ चढलाय.

या 'आ'चा आणखी एक पुरावा मला 'पाजारी'वर विचार करताना सापडला. 'काम-बिम', 'पुस्तक-बिस्तक' ही आपली रोजची रीत: पहिलं अक्षर काढायचं, तिथे 'बि' बसवायचा. अर्थ: 'आणि तसलंच इतर काही'. ('बि'नेच सुरू होणारा शब्द आला की मी 'बिल-फिल' म्हणतो, कारण 'बिल-बिल' केलं तर काहीच बदलत नाही.) म्हणजे इथे रूपिका हा ठरलेला तुकडाच नाही. ती एक क्रिया आहे: अमुक घ्या, त्याची नक्कल करा, तोंड बदला.

आता याला प्रत्यय लावा. 'घराबिरात काही नाही.' नक्कल 'घर'ची झालेली नाही, 'घरा'ची झाली आहे. आधी सामान्यरूप, मग बि-नक्कल, मग 'त'. 'घरात-बिरात' असंही म्हणतो, तिथे नक्कल सगळ्यात शेवटी होते. दोन्ही रूपं कानाला मराठीच वाटतात आणि दोन्हींत जोडणीचा क्रम वेगळा आहे.

'शेजारीपाजारी' या रीतीने फोडता येत नाही, कारण त्यात 'बि' नाही. 'पा' दुसऱ्या कुठल्याही शब्दावर लावता येत नाही. बि-ची यंत्रणा चालू आहे, पा-ची बंद पडली. मी तरी असं मानतो.

---

जुनी वही

चालू आणि बंद हा भेद फार महत्त्वाचा. '-पणा' बघा. वैदिक '-त्वन'चं प्राकृतात '-प्पण' झालं, जसं 'आत्मन्'वरून 'आपण'. त्याचा हा '-पण, -पणा'. वेडेपणा, चांगुलपणा, आणि आता स्मार्टपणा, सीरियसपणा. कुठलाही परका शब्द त्याला चालतो. '-ता' तेच काम करतो, पण तो संस्कृत शब्दाशिवाय सहसा कुणाला हात लावत नाही: सुंदरता होते, 'वेडता' होत नाही.

'-इक' त्याहून सोवळा. तो शेवटी बसतो आणि बदल करतो शब्दाच्या सुरुवातीला: समाज – सामाजिक, उद्योग – औद्योगिक, दिन – दैनिक. आणि 'व्यक्ती'चं 'व्याक्तिक' न होता 'वैयक्तिक' का, हे कधी वाटलं का? कारण 'व्यक्ति' म्हणजे वि + अक्ति. व्य मधला य हा मुळात 'वि'चा इ आहे. प्रत्यय आला की तो नेहमीची वृद्धी (पहिला स्वर वाढवणं: अ चा आ, उ चा औ) न करता त्या य च्या आधी 'ऐ' आणून बसवतो. 'व्याकरण'वरून 'वैयाकरण' तसंच. पाणिनीने यासाठी वेगळं सूत्रच केलंय (७.३.३). संधीत विरघळलेला 'वि' प्रत्ययाला अजून दिसतो!

---

सांजवात

'वैयक्तिक'चं उद्या वरच्या वर्गाला सांगणार. धन्यवाद.

एक माझ्याकडून. एकाच रूपिकेचे अनेक चेहरे झाले, आता एकाच चेहऱ्याच्या दोन रूपिका. 'मी बाळाला खुर्चीत बसवते' यात '-अव-' म्हणजे 'करायला लावणे'. 'पाठ दुखतेय, मला बसवत नाही' यात '-अव-' म्हणजे 'शक्य असणे'. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या मोठ्या व्याकरणापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत प्रयोजक आणि शक्य क्रियापदं अशी वेगळी सांगितली जातात. पण ऐकायला दोन्ही एकच.

'त्याला बसवत नाही.' त्याला बसणं जमत नाही, की आम्ही त्याला बसू देत नाही? सुट्या वाक्यात सांगता येणार नाही. पुढे 'आम्ही' लावलं की प्रयोजक, 'फार वेळ' लावलं की शक्य. तुकडा ओळखायला वाक्य लागतं.

---

उंबरठा

मग 'टंकणे'चं काय? जालावर सगळे सर्रास वापरतात, पण जुन्या कोशात शोधायला गेलं तर हाताला लागत नाही.

---

टिपकागद

हे 'सुर'सारखंच झालंय, फक्त आपल्या डोळ्यांसमोर. मूळ शब्द 'टंकलेखन', टंक + लेखन. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी, ते नाम. 'टाइप करणे' हे क्रियापद रोज लागायला लागलं, तेव्हा लोकांनी 'लेखन' बाजूला काढलं आणि उरलेल्या नामालाच धातू करून 'णे' लावला. नामाचा असा धातू करणं मराठीला नवं नाही: फेस – फेसाळणे, हात – हाताळणे, स्थिर – स्थिरावणे हे नामा-विशेषणांवरूनच आले. तिथे मध्ये '-आळ-' किंवा '-आव-' लागतो. टंकण्याला तोही लागला नाही, 'रंग – रंगणे'सारखा सरळ बसला.

धातू झाला की बाकीचं सगळं आपोआप मिळतं. टंकतो, टंकलं, टंकून, टंकताना. आणि सांजवात यांच्या '-अव-'नेही त्याला घरचा मानलाय: परवाच एका प्रतिसादात 'बोट कापलंय, जास्त टंकवत नाही' असं वाचलं, आणि वाचताना कुठेही अडखळलो नाही.